आडवी टाचणी

अप्पा, तुमच्या साहेबांवर पुस्तक आलंय. तुम्ही लिहिलेलं नाही. बेंगळुरात साहेबांच्या शेजारच्या खोलीत बसणारा तो मोठा अधिकारी, ज्याचा विसरलेला चष्मा घेऊन तुम्ही एकदा स्टेशनापर्यंत पळत गेला होता, त्यानं निवृत्त झाल्यावर लिहिलंय. पुस्तक कानडीत आहे, पण त्यातला एक तुकडा मराठी करून गेल्या रविवारी पेपराच्या पुरवणीत आला, आणि औरादच्या स्टँडवर पेपर उतरल्यापासून तासाभरात तो मला तिघांनी आणून दाखवला. मी दुकानात उभ्यानंच वाचला. साहेबांचं त्यानं काही शिल्लक ठेवलेलं नाही. साहेब भित्रे होते, फाईल वाचायचे नाहीत, शेवटी जो भेटला त्याचं खरं मानायचे, सगळं लिहिलंय, आणि ते खरंही आहे, तुमच्या वहीत तसंच होतं. पण टाचणीपाशी आल्यावर त्या माणसाचा हात वळला. मंत्र्यांचा एक मराठी बोलणारा पी.ए. होता, शिफारसपत्राला टाचणी उभी असली तर काम करायचं आणि आडवी असली तर करायचं नाही, अशी खूण त्यानं स्वतःच्या मनानं चालू केली होती, आणि मंत्र्यांना याचा पत्ता फार उशिरा लागला, असं त्यानं लिहिलंय. टाचणी बघून कागद खाली सरकवणारा हा अधिकारी स्वतःच होता, ते लिहिलेलं नाही. नाव दिलेलं नाही तुमचं. पण साहेबांजवळ वीस वर्षं बसलेला मराठी माणूस आपल्या भागात दुसरा होता कोण.

मी पुरवणी चुरगाळून रस्त्यावर फेकली, मग जाऊन उचलून आणली आणि काउंटरवर हातानं सरळ केली. तिशी ओलांडली तरी माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं, हे तुम्हाला नवं नाही. त्या पुस्तकाला उत्तर देऊ शकेल असा जगात एकच कागद होता, तुम्ही स्वतः लिहिलेला, आणि तो आता नाही. तो कुठं गेला ते मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता सांगून काही होणार नाही, तरी सांगायलोय.

तुम्ही कायमचे घरी आलात तो दिवस आठवतो. साहेब निवडणूक हरले होते, पी.ए. म्हणून त्यांचा भाचा येऊन बसला होता, आणि तुमच्या खांद्यावर शाल टाकून "आता आराम करा" म्हणत त्यांनी तुम्हाला बिदरच्या बंगल्यातून बसला लावून दिलं होतं. संतपूरच्या फाट्यावर तुम्ही उतरलात तेव्हा हातात एक पत्र्याची ट्रंक होती आणि खिशात आजीच्या कुंकवाची ती पितळी डबी, जिच्यात तुम्ही टाचण्या ठेवायचा. वीस वर्षांत तुम्ही सलग आठ दिवस घरात राहिला नव्हता. घराला तुमची सवय नव्हती. आई सैपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि तुम्ही तिच्यासमोर पाट टाकून साहेबांकडच्या गोष्टी सांगायचा, कुठला आमदार कशाला रडला, कुणाच्या ताटात काय वाढलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी आई म्हणाली, "त्यांच्या सैपाकघरात वीस वर्षं काय शिजलं ते समदं ठाव हाय. आपल्या घरात मिठाचा डबा कुठं हाय, सांगा बघू." तुम्ही खरंच उठलात. तीन डबे उघडलेत, चौथ्यात हळद निघाली. आई तोंडाला पदर लावून हसत राहिली. "व्हय हो, पुस्तकच लिहा आता त्या साहेबाचं. माझ्या डोक्याला ताप कशाला." चेष्टेत बोलली ती. तुम्ही मात्र डब्याचं झाकण हातात धरून बराच वेळ तिथंच उभे होता.

मी तुमच्या आधी दोन महिने घरी आलो होतो. उदगीरचं कॉलेज सोडून, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातून. तुम्हाला मी एवढंच सांगितलं होतं की मारामारी झाली. कुणासाठी झाली ते सांगितलं नव्हतं. ती बारावीपर्यंत माझ्या वर्गात होती, ठाणाकुशनूरची, एका गुरुजींची मुलगी. त्यांच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि खाली बुद्धाची छोटी मूर्ती, हे मी फक्त एकदा दारातून बघितलं होतं. बारावीनंतर ती मास्तरकीच्या कोर्सला गुलबर्ग्याला गेली आणि मी मागं राहिलो. गॅदरिंगच्या दिवशी एकानं तिच्या जातीवरून एक वाक्य टाकलं. मी त्याचे दोन दात पाडले. प्राचार्य म्हणाले, माफीपत्र लिहून दे, विषय संपवू. मी म्हणालो, लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून गुलबर्ग्याला गेलो, तिला सांगायला. वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला विचारला होतास का? कॉलेज तू सोडलास, माझं नाव कामून घ्यायलास?" मग समोरच्या हॉटेलातून चुरमुऱ्यांच्या सुसल्याची प्लेट आणून माझ्यापुढं ठेवली. "खा. तोंड बघ कसं झालंय."

त्याच दिवशी स्टँडवर बसची वाट बघताना तिनं तिच्या आईचं सांगितलं. आई अंथरुणाला खिळलेली, आणि गुरुजींची शाळा तिकडं चिंचोळीच्या पलीकडं, दोन बस बदलून. बदलीसाठी गुरुजी साहेबांच्या बंगल्यावर गेले होते आणि साहेबांच्या सहीची चिठ्ठी घेऊन आले होते. ती चिठ्ठी गुलबर्ग्याच्या ऑफिसात दिली. बदली आली नाही. तीन वर्षं गुरुजी शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. आई गेली ती एका बुधवारी. घरात सहावीतली ती एकटी होती. "ऑफिसातला क्लार्क हरामखोर निघाला," ती म्हणाली. "साहेबानं तर दिली होती की चिठ्ठी. अन् तुझ्या अप्पानं बाबाला सोताची खुर्ची दिली होती बसायला. चहा दिला होता, घरातल्या कपात. आमच्या माणसाला तवा कोण देत होतं खुर्ची? बाबा अजून सांगतात." परतीच्या बसमध्ये मी खिडकीत असा बसलो होतो, अप्पा, की जणू खुर्ची मीच दिली होती.

म्हणून तुम्ही जेव्हा म्हणालात, "कॉलेज न्हाई तर हे कर, अक्षर बरं हाय तुझं," तेव्हा मी खुशीनं बसलो. तुम्ही पेन्सिलनं लिहायचा, जुन्या सरकारी फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर. मराठीच, पण घाई झाली की कानडी शब्द यायचे, आणि एखादी गोष्ट आईनं वाचू नये असं वाटलं की दोन ओळी उर्दूत. मी पक्की प्रत करायची. त्यासाठी तुम्ही मला तुमचं काळं पेन दिलंत, ज्यानं साहेबांची पत्रं लिहिली होती ते. मला साहेबांवर तुमच्यापेक्षा जास्त राग होता. तुम्ही लिहिलं होतं, साहेबांनी शब्द पाळला नाही. मी प्रतीत लिहिलं, साहेबांनी निर्लज्जपणे दगा दिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही चष्मा लावून प्रत तपासायला घेतलीत.

"हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच लिहिलाव की."

"निर्लज्ज हा शब्द मी वीस वर्षांत कुणाला वापरलो न्हाई. आता कशाला वापरू?"

मला तुमचा तो थंडपणा सहन व्हायचा नाही. मी म्हणालो, "मग लिहायलाव कशाला? त्यानं हाकललं म्हणूनच न्हवं? खुर्ची होती तवर तोंड बंद, अन् आता लेखणी."

आई चुलीपुढून वळून बघायला लागली. तुम्ही चिडला नाहीत. "लोक असंच म्हणतील," तुम्ही म्हणालात. "अन् त्यात खोटं काय हाय."

"मग तवा कामून बोलला न्हाईत?"

"तवा ते वाईट हाय असं वाटतच न्हवतं. सकाळी उठून करायचं काम वाटत होतं. तेच तर लिहायचं हाय मला." मग पान माझ्यापुढं सरकवलंत. "फाड हे. परत लिही. तुझा राग तुझ्यापाशी ठेव, माझ्या वहीत घालू नको."

मला तुम्ही आयुष्यात दोनदाच रागावलात, त्यातलं हे एक. आवाज चढलेला नव्हता, तरी मी ते पान फाडताना माझे कान तापले होते. तेव्हा मला वाटलं, हा माणूस अजून साहेबाला भितो. टाचण्यांची पानं अजून माझ्या हातात यायची होती.

ती आली तेव्हा तुरी निघून गेल्या होत्या आणि अंगणात सकाळी नऊलाच ऊन बोचायचं. बारा पानं होती. तुम्ही लिहिलं होतं की साहेब कुणालाच नाही म्हणायचे नाहीत, आणि लोक याच गोष्टीसाठी त्यांना देवमाणूस म्हणायचे. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला समोर बसवायचे, घरचं विचारायचे, आणि बोलता बोलता एक बोट टेबलावर ठेवायचे. बोटानं टेबलावर ठक केलं की टाचणी उभी. बोट काचेवरून आडवं फिरलं की टाचणी आडवी. पत्र तेच, सही तीच, मजकूरही तोच, 'योग्य ती कार्यवाही व्हावी'. तुम्ही पत्र अर्जाला जोडून द्यायचा. माणूस पाया पडून जायचा. पुढच्या ऑफिसातला साहेब आधी टाचणी बघायचा, पत्र वाचायची गरज पडायची नाही. बोट साहेबांचं होतं आणि टाचणी माझी होती, असं तुम्ही लिहिलं होतं, आणि त्याखाली पेन्सिल दाबून एक रेघ मारली होती.

आणि मग ते गुरुजी. मला ती ओळ न् ओळ पाठ आहे. 'ठाणाकुशनूरचे एक गुरुजी आले होते. पत्नी आजारी. बाक भरलेला होता म्हणून मी त्यांना माझी खुर्ची दिली. चहा दिला. त्यांच्या गावच्या शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला कबूल झालेली होती. साहेबांचं बोट आडवं फिरलं. मी टाचणी आडवी लावली. जाताना ते म्हणाले, तुमचे उपकार. मी म्हणालो, त्यात काय. ही चिठ्ठी देऊ नका, दुसरीकडं बघा, एवढं मी त्यांना सांगू शकलो असतो. दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो होतो. सांगितलं नाही.'

पेनाचं टोक कागदावर तसंच टेकून राहिलं आणि शाईचा डाग पसरत गेला. तुम्ही अंगणात बादलीला आरसा टेकवून दाढी करत बसला होता. मी पान घेऊन तुमच्यापुढं उभा राहिलो. आजही डोळे मिटले की तुम्ही तसेच दिसता, अर्ध्या तोंडाला साबण लावलेले.

"हे गुरुजी कोण, ठाव हाय का तुम्हाला?"

"ठाव हाय. लिहिलोय की."

"त्यांची बायको मेली."

तुम्ही वस्तरा खाली ठेवलात. "कवा?"

मला वाटत होतं तुम्हाला माहीत असेल. मला खरंच तसं वाटत होतं. "त्याच्यातच. बदलीची वाट बघता बघता. घरात पोरगी एकटी होती, सहावीतली."

"पोरगीचं तुला कसं ठाव?"

मी हातातलं पान उलटं धरलं आणि तुम्हाला कळलं. तुम्ही टॉवेलनं साबण पुसलात, दाढी अर्धी तशीच. म्हणालात, "मग तर हे पहिलं पान पाहिजे."

"पहिलं कशाला? काढून टाका ते. साहेबाचं लिहा, त्या भाच्याचं लिहा, समद्यांची सालटी काढा. आपलंच घर कामून उघडं पाडायलाव? मला त्यांच्या घरात तोंड दाखवायचं हाय, अप्पा."

"कशाच्या जोरावर दाखवणार? माझ्या खुर्चीच्या?"

मी काय काय बोललो ते आता लिहवत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि मग हा दुसरा राग, तोही बसल्या जागेवरून. "हे पान काढलं तर मागं राहतं काय? साहेबाची चहाडी. त्याला पुस्तक कशाला लागतंय, पारावर बसून बी करता येतंय." आणि तुम्ही ठरवूनही टाकलंत. प्रत पुरी झाली की तुम्ही स्वतः ठाणाकुशनूरला जाणार, छापायच्या आधी गुरुजींना ती पानं वाचून दाखवणार. "मग तू तुझं बघ. त्यांनी घरात घेतलं तर घेतलं."

प्रत पुरी झाली की. मी तेवढंच धरून ठेवलं, अप्पा. दुसऱ्या दिवसापासून माझा हात दुखायला लागला. मग शाई संपली, औरादला मिळेना. मग मावसभावाचं लग्न आलं. तुम्ही विचारायचा, "किती झालं?" मी म्हणायचो, "व्हायलंय." तुम्ही ठाणाकुशनूरला जायचं म्हणून धोतराची नवी जोडी काढून ट्रंकेवर ठेवली होती, ती महिनाभर तशीच पडून राहिली. मधल्या काळात मी दोनदा गुलबर्ग्याला जाऊन आलो. तिच्या कॉलेजसमोर उभा राहिलो. तिच्याशी सिनेमाचं बोललो, बसच्या गर्दीचं बोललो.

आणि एका सकाळी न्हाणीतून येताना तुम्ही उंबऱ्यावर बसलात ते उठला नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. बिदरच्या दवाखान्यातून आठवड्यानं घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही. पुढच्या खोलीत खाट टाकली, ट्रंक समोर. तुम्ही ट्रंकेकडं बघायचा, मग माझ्याकडं. मग डावा हात उचलून एक बोट खाटेच्या पट्टीवर उभं टेकवायचा. ठक. थांबून परत, ठक. आई म्हणाली, "काय मागायलेत, पाणी का?" मला कळलं होतं. घरात ते बोट वाचता येणारा मी एकटाच होतो. मी म्हणालो, "व्हय, पाणीच," आणि तांब्या आणला. तुम्ही पाणी प्यायलात, कारण पाजलं तर माणूस पितो. दुसऱ्या दिवशी परत ठक, परत पाणी. तिसऱ्या दिवसानंतर तुम्ही बोट उचललं नाहीत.

त्यानंतर मी ती पानं काढली. आई शेजारी गेली होती. न्हाणीच्या चुलीवर तुमचं पाणी तापत होतं. पेन्सिलची बारा पानं आणि डाग पडलेलं माझ्या प्रतीचं पान, सगळं आत सरकवलं. कागद जुना होता, झटकन पेटला. त्या पाण्यानं मी तुमचं अंग पुसलं, पाठ, काखा, पाय. तुम्ही छताकडं बघत होता. आठ-दहा दिवसांनी तुम्ही गेलात. मातीला गुरुजी आले होते. खांदा दिला त्यांनी, आणि मला जवळ घेऊन म्हणाले, "असा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई, लेकरा."

उरलेली वही मी एकदा उदगीरच्या एका छापखान्यात नेली होती. मालकानं चार दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाला, "भाषा चांगली आहे हो. पण यात साहेबांनी काय केलं ते सगळं आहे, लिहिणाऱ्यानं काय केलं ते कुठंच नाही. वीस वर्षं तुमचे वडील काय खिडकीतून बघत बसले होते?" मी त्याच्या अंगावर धावून जायचा राहिलो. वही ट्रंकेत आहे, धोतराच्या जोडीखाली.

तुम्ही गेलात त्याच वर्षी मी तिला लग्नाचं विचारलं, गुलबर्ग्याच्या त्याच स्टँडवर. ती पाय हलवत बाकावर बसली होती. म्हणाली, "बाबा न्हाई म्हणणार न्हाईत. तुझ्या अप्पाचा पोरगा म्हटल्यावर ते उलट पेढे वाटतील. पण तू माझ्यासमोर बसलास की सारखं वाटतंय, कायतरी गिळून बसलास. काय हाय ते?" मी म्हणालो, "कायबी न्हाई." तिची बस लागायला वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं थांबली, मधे एकदा परत विचारलं, आणि मग बस लागली. आता ती पुण्यात असते, नवराही शिक्षक आहे. आपल्याकडचे निम्मे लोक पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेत, गाव कुलपांचं झालंय. मी गेलो नाही. तहसीलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलंय, लोकांचे अर्ज भरून देतो. लग्न केलं नाही. आई म्हणते, "बापासारखंच कागदात डोकं घालून बसलंय." तुमची डबी काउंटरवर असते. टाचण्या कुणी वापरत नाही आता, सगळे स्टेपलर मागतात.

मंगळवारी दुपारी गुरुजी दुकानात आले. काठी घेऊन, बस बदलून. सत्तरीच्या पुढं असतील. मी उठून माझी खुर्ची दिली. समोरच्या टपरीवरून चहा मागवला. त्यांनी पिशवीतून पुरवणीचं कात्रण काढलं आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलेली दोन पानं.

"पोरीनं पुण्याहून फोन केला," ते म्हणाले. "बाबा, असं असं आलंय, खरं का म्हणून. मी म्हणलं, येडी का काय तू. ज्यानं मला सोताची खुर्ची दिली, ते माणूस असलं काम करंल व्हय? मग म्हणाली, त्यांच्या पोराला विचारा." चहाचा घोट घेतला. "तुला काय विचारायचं त्यात. मी संपादकाला पत्र लिहिलोय. वाच."

मी वाचलं. सदर अधिकाऱ्याने मृत माणसावर चिखल उडवला आहे, मी स्वतः त्या बंगल्यात गेलेला साक्षीदार आहे, असे होते ते शब्द. तुमच्याबद्दल इतकं चांगलं कुणी कागदावर लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "गुरुजी, तुमच्या चिठ्ठीची टाचणी कशी होती, आठवतंय का?"

ते हसले. "टाचणीकडं कोण बघतंय, लेकरा. सही बघितली मी. उभीच असंल." मग काउंटरवर त्यांची नजर गेली. "ती त्यांचीच डबी न्हवं? मग स्टेपलर नको. त्यांच्याच टाचणीनं लाव कात्रण."

चहा अर्धा होता त्यांचा. तेवढा वेळ होता माझ्याकडं. मी डबी उघडली, कात्रण पत्रावर ठेवलं, कोपरा जुळवला आणि टाचणी आडवी लावली. संपादकानं तो तुकडा छापलाय, त्याला खूण कळेल. गुरुजींनी बघितलंही नाही. पाकिटात घातलं, मीच पत्ता लिहून दिला. ते म्हणाले, "तुझे उपकार." मी म्हणालो, "त्यात काय." दारापर्यंत गेलो, तिथून स्टँडपर्यंत गेलो, बसमध्ये जागा धरून दिली. खिडकीतून त्यांनी हात हलवला.

तेव्हापासून रोज पेपर बघायलोय. पत्र छापून आलं तर काय आणि न आलं तर काय, मला कशानंच बरं वाटणार नाही एवढं कळलंय. हे लिहून झालं तेव्हा पानं मोजली नाहीत, नीट जुळवली आणि जोडायला म्हणून तुमच्या डबीतली टाचणी घेतली. हात आपोआप आडवाच जायला लागला, अप्पा. म्हणून पानं सुटीच ठेवलीत, ट्रंकेत, धोतराच्या जोडीखाली.